बेटांजवळ धक्के नकोत, मुरिंगचे बोये हवेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि त्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आले, तेव्हापासून कोकणच्या सागरी पर्यटनाविषयी आपल्या वृत्तपत्रात बातम्या, लेख आणि वाचकांची पत्रे सातत्याने येत आहेत. ती मी आवडीने वाचतो. मात्र त्यांतील जवळजवळ प्रत्येक मजकूर शेवटी एकाच मागणीवर येऊन थांबतो आणि ती मागणी असते जेटीची. बेट तिथे जेटी, जेटी तिथे तिकीटघर आणि तिकीटघर तिथे शीतपेयांची टपरी, असा हा ठरलेला क्रम आहे. समुद्रावरच्या इतक्या लिखाणात नांगर हा शब्द मला एकदाही आढळला नाही, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिनघरात गेली. निवृत्तीनंतर दोन मित्रांच्या भागीत एक जुनी सत्तावीस फुटी शिडाची बोट घेतली. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत जमेल तेव्हा आम्ही तिच्यातून मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा हिंडतो आणि रात्री बेटांच्या किंवा सड्यांच्या आडोशाला नांगर टाकून बोटीतच झोपतो. बरोबर बहुतेक वेळा हर्णैचे एक वयस्कर तांडेल (मासेमारी बोटीचे प्रमुख) असतात. मासेमारीतून त्यांनी अंग काढून घेतले असले तरी समुद्राशिवाय त्यांना करमत नाही. या अनुभवावरून माझे स्पष्ट मत झाले आहे की, लहान बोटीने रात्र काढता येईल अशा निवाऱ्याच्या ज्या जागा कोकणाला निसर्गतः लाभल्या आहेत, त्या काँक्रीटने सुधारत नाहीत. तिथे थोडे मुरिंगचे बोये (बोट बांधण्यासाठी तळाशी कायमचे जखडलेले तरंगे), वाटेच्या खुणा आणि परवानगीची एकसारखी पद्धत एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

निवाऱ्याची जागा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. पाऊस सरल्यावर आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचा दिनक्रम ठरलेला असतो. उत्तररात्रीपासून सकाळी उन्हे चढेपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. मग तासभर पाणी आरशासारखे पडून राहते आणि दुपारपासून वायव्येचा खारा वारा धरतो, तो दिवेलागणीपर्यंत. त्यामुळे दक्षिणेला जाताना दुपारचा वारा पाठीशी असतो आणि उत्तरेला परतताना तोच तोंडावर येतो. जुनी गलबते परतीचा प्रवास शक्यतो मतलईवर करीत, ती याच कारणाने. रात्रीच्या मुक्कामाला अशी जागा लागते की जिथे वायव्येची लाट पोहोचत नाही, तळाशी चिखल किंवा घट्ट वाळू आहे आणि ओहोटीलाही बोटीखाली पाणी उरते. ही तिन्ही अंगे एकत्र असलेल्या जागा कुठे आहेत, हे शोधायला नकाशाही लागत नाही, किल्ले पाहावेत. बाणकोट सावित्रीच्या मुखावर, जयगड शास्त्रीच्या, पूर्णगड मुचकुंदीच्या, विजयदुर्ग वाघोटणच्या. ज्यांनी हे किल्ले बांधले त्यांना आपले आरमार आत सुरक्षित राहावे आणि शत्रूचे बाहेर लाटांत हलत राहावे, एवढेच साधायचे होते. तीनशे वर्षांपूर्वी गुराबा आणि गलबते जिथे विसावत होती, तिथेच आमची सत्तावीस फुटी बोट आज निर्धास्त झोपते.

विजयदुर्गची खाडी या सर्वांत श्रेष्ठ, असे मी म्हणेन आणि या बाबतीत माझ्याशी वाद घालणारा दर्यावर्दी मला अजून भेटलेला नाही. किल्ल्याचे टोक ओलांडून आत वळले की बाहेरची लाट कोणीतरी दार लावावे तशी एकदम थांबते. थोडे आत गिर्ये गावाच्या बाजूला कातळात खोदलेली मराठ्यांची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला ते कोरडे पडले की डागडुजी करायची, ही तिची रीत. देवगडचे बंदरही असेच चारी बाजूंनी झाकलेले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ आणि तमिळनाडूच्या मासेमारी बोटींनी तिथे आसरा घेतला होता. राजपुरीच्या खाडीत जंजिरा मागे टाकून आत गेले की दिघीला येणाऱ्या मोठ्या जहाजांची वाट सोडून कडेला उथळ चिखलात नांगर टाकावा. तो इतका घट्ट बसतो की सकाळी काढताना दोघांचे हात भरून येतात.

बेटांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि लेखांतून नेमकी तीच सोपी करून सांगितली जाते. खाडी तिन्ही बाजूंनी धरते. बेट एकाच बाजूने आडोसा देते आणि वारा फिरला की तोच आडोसा धोका होतो. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीतला प्रसंग सांगतो. आम्ही संध्याकाळी सुवर्णदुर्गाच्या पूर्वेला, किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या पट्ट्यात थांबलो होतो. वायव्येचा वारा तटापलीकडे अडला होता, पाणी शांत होते आणि हर्णै बंदरातल्या लिलावाचा गलका पाण्यावरून ऐकू येत होता. मी नांगर सोडला, दोर ताणला, इंजिन बंद केले आणि चहाचे आधण ठेवले. तांडेल मात्र नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसून दोर दोन बोटांच्या चिमटीत धरून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “सायेब, नांगर पडला म्हणजे धरला असा नाय. हात लावून बघा.” मी दोर धरला. त्यातून बारीक खडखड येत होती, जणू कोणी लांबवर जात्यात खडे दळत होते. तळाशी कातळावर वाळूचा जेमतेम थर होता आणि नांगराचा फाळ त्यात शिरत नव्हता, नुसता घसरत होता. नांगर धरलेला असला की दोर ताठ होतो, थोडा सैल पडतो, पुन्हा ताठ होतो, पण गप्प राहतो.

आम्ही जागा बदलली, पण पुरेशी नव्हे. रात्री दोनच्या सुमारास मतलई सुटला आणि बोट आपल्या नांगराभोवती अर्धा फेरा घेऊन नाळ किनाऱ्याकडे व पिछाडी किल्ल्याकडे अशी उभी राहिली. जो तट संध्याकाळी आमचे रक्षण करीत होता, तोच आता वाऱ्याखाली होता, म्हणजे वारा आम्हाला त्याच्याकडेच ढकलत होता, आणि त्याच्या पायथ्याचे खडक ओहोटीने उघडे पडत होते. नांगर निसटला. इंजिन पहिल्याच दोरीला चालू झाले, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. त्या रात्रीनंतर बेटाजवळ नांगर टाकताना मी संध्याकाळचा वारा पाहतच नाही. पहाटे बोट कुठल्या बाजूला तोंड करून उभी राहील, ते आधी मनात मांडतो आणि मगच दोर सोडतो.

भरती-ओहोटीचा हिशेबही तसाच आहे. आमच्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा आडाखा मुंबई-अलिबागकडे चांगला जमतो, दक्षिणेकडे जावे तसे थोडे आधी धरावे लागते. उंची मात्र तिथीप्रमाणे तर बदलतेच, शिवाय जागेप्रमाणेही बदलते. उधाणाला मुंबईच्या आसपास पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, मालवण-वेंगुर्ल्याकडे साधारण त्याच्या निम्म्यावर राहते. म्हणजे खांदेरीजवळ उधाणाच्या भरतीला पाच मीटर पाणी पाहून कोणी निश्चिंत झाला, तर सहा तासांनी त्याची बोट गुडघाभर पाण्यात कलंडलेली असू शकते. हौशी मंडळींना हे कोणी सांगत नाही. मोबाइलवर भरतीची वेळ दिसते, पण ती कोणत्या बंदराची आहे हे पाहायची सवय नसते.

आता नांगराच्या मूळ मुद्द्याकडे येतो. मराठीत शेतातल्या अवजाराला आणि बोटीच्या लंगराला आपण एकच शब्द वापरतो आणि काम पाहिले तर त्यात काही चूक नाही, कारण दोन्ही तळ उकरतात. दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडावा लागतो, नुसती साखळी असेल तर तीन-चार पट चालते. तेव्हाच ओढ आडवी पडते आणि फाळ जमिनीत शिरतो. वारा फिरला की तेवढा दोर किंवा साखळी तळावरून झाडूसारखी फिरते. चिखलात याने काही बिघडत नाही. मालवणला बिघडते. तिथले सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहेत. हंगामात एखाद्या सुटीच्या दिवशी तिथे डुबकी मारायला पर्यटकांना घेऊन येणाऱ्या होड्या मोजाव्यात. प्रत्येक होडी दिवसातून अनेक वेळा नांगर टाकते आणि काढते. ज्या प्रवाळांसाठी लोक पैसे देऊन पाण्यात उतरतात, त्यांच्यावरच हा नांगर चालतो. यात त्या होडीवाल्यांचा दोष मी मानत नाही. बांधायला दुसरे काही ठेवलेलेच नसेल, तर होडी थांबवायची कशाने? अभयारण्याची घोषणा झाली तेव्हा स्थानिक मच्छीमारांना विश्वासात घेतले गेले नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. परंतु त्या वादात तळाची हानी थांबवण्याचा हा साधा उपाय मागे पडला.

उपाय म्हणजे मुरिंगचा बोया. तळाशी वाळूच्या मोकळ्या जागी एकदाच वजनी ठोकळा बसवायचा किंवा खडकात खिळा मारायचा, त्याला साखळी आणि वर तरंगता बोया. साखळीच्या मधोमध लहान तरंगा बांधला की ती तळाला घासत नाही. येणारी होडी बोयाला दोर अडकवते, काम झाले की सोडते. बोयांची संख्या हीच त्या जागेची मर्यादा ठरते. सहा बोये असतील तर सहा होड्या, सातवीने वाट पाहायची. निवतीच्या खडकांजवळ ‘गुलदार’ ही नौदलाची निवृत्त नौका बुडवून पाण्याखालचे पर्यटन उभे करण्याचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. तिथे जाणाऱ्या होड्या कशाला बांधल्या जाणार, याचा विचार आधी झाला नाही तर मालवणची पुनरावृत्ती ठरलेली आहे. शिवाय वेंगुर्ल्यासमोरच्या त्या खडकांतील गुहांत पाकोळी पक्ष्यांची वीण होते. घरट्यांच्या चोरीपासून ती वाचवण्यासाठी निसर्गप्रेमींनी बराच झगडा केला आहे, तेव्हा तिथे जेटीचा विचारही कोणी मनात आणू नये.

जेटीला माझा सरसकट विरोध आहे असा गैरसमज व्हायला नको. मासेमारी बंदराला धक्का हवाच. हर्णैला तो नीट नाही, म्हणून तिथल्या बोटी वादळात आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात आणि जोग नदीच्या मुखाशी साठलेल्या गाळात रुततात, प्रसंगी फुटतात. गाळ काढण्याची मागणी तिथले लोक कित्येक वर्षे करीत आहेत. जो पैसा निर्जन बेटांवर तिकीटघरे बांधायला जाणार आहे, तो आधी या गाळाला द्यावा. बेटांवरची जेटी मात्र बहुधा चुकीच्या बाजूला उभी राहते, कारण तिची जागा वाऱ्याने नव्हे तर वाहनतळाच्या सोयीने ठरते. एकदा ती उभी राहिली की वाळूची वाटचाल बदलते आणि दोन-चार वर्षांत तिच्या आडोशाला गाळ बसून ज्यासाठी ती बांधली तेच पाणी उथळ होते. आपल्या जुन्या पिढीने मुंबई-गोवा आगबोटीचा प्रवास केला आहे. ती आगबोट बहुतेक बंदरांत काठाला लागतच नसे; बाहेर नांगर टाकून उभी राही आणि उतारू, सामान, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या सगळे पडावातून, म्हणजे लहान होडीतून, खाली-वर होई. गैरसोय होती, हे मान्य. माझी आजी दर वेळी पडावात पाय ठेवताना सगळ्या देवांना हाका मारी. परंतु त्या पद्धतीत किनारा जसाच्या तसा राहिला.

एक गोष्ट आमच्यासारख्या हौशी लोकांनाही ऐकवली पाहिजे. शांत जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. अलिबाग-मुरूडकडे डोलीच्या जाळ्यांचे खुंट समुद्रात रोवलेले असतात आणि भरतीला ते पाण्याखाली जातात. रात्री अंधारात त्यांवर सुकाणू आपटले तर नुकसान आपले, जाळे फाटले तर एखाद्या कुटुंबाच्या आठवड्याच्या कमाईवर पाणी. सिंधुदुर्गात रापण ओढली जाते तिथे तर विचारल्याशिवाय नांगर टाकूच नये. रापण म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात अर्धवर्तुळ घेऊन पुन्हा किनाऱ्याला आणलेले लांबलचक जाळे; त्याची दोन्ही टोके पन्नास-साठ माणसे वाळूत उभी राहून ओढतात. त्या अर्धवर्तुळात एक बोट उभी असली की सगळ्यांचा दिवस फुकट जातो. आचऱ्याच्या दक्षिणेला एका पुळणीसमोर आम्ही हे पाप केले आहे. पहाटे पातीतून एक गृहस्थ वल्हवत आले आणि आम्ही शिव्या ऐकायची तयारी करीत होतो, तर त्यांनी फक्त विचारले, “रात्री झोप लागली ना बरी? आता जरा भायर घेतल्यात तर आमचा काम सुरू होईल.” इतकी लाज मला आयुष्यात थोड्याच वेळा वाटली आहे.

वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्ले पाण्याकडे निघतात. ती उजेडाच्या दिशेने जातात. डोलकाठीवर नांगराचा पांढरा दिवा लावणे नियमाने आवश्यक आहे आणि त्याने काही बिघडत नाही, पण डेकवर झगझगीत दिवे लावून रात्रभर गाणी वाजवणाऱ्या बोटी अलीकडे दिसू लागल्या आहेत. अशा वेळी त्या किनाऱ्यांपासून दूर, खाडीत आत थांबावे. खाडीत आवाज दोन्ही काठांवर घुमतो, हेही गाणी वाजवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

हंगामाविषयीही थोडे सांगणे भाग आहे, कारण पर्यटनाच्या जाहिरातींत समुद्र बारा महिने निळा असतो. जून-जुलैचे ६१ दिवस मासेमारीला बंदी असते आणि प्रवासी बोटीही मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेर बंद राहतात, ते उगीच नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पण पावसाळा सरला म्हणजे धोका संपला असेही नाही. फयान हे चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी, म्हणजे आम्ही ज्याला उत्तम हंगाम म्हणतो त्या दिवसांत, या किनाऱ्यावर आले आणि समुद्रात असलेले कित्येक मच्छीमार परतलेच नाहीत. बिनतारी यंत्राचा सोळावा चॅनेल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक बोटीतल्या प्रत्येकाला ठाऊक हवा, नुसता चालवणाऱ्याला नव्हे.

शेवटी परवानगीचा प्रश्न. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले होते, तेव्हा अनोळखी बोट दिसली की तिची चौकशी होणे योग्यच आहे आणि कोणत्याही समंजस माणसाने तिचा राग मानू नये. राग येतो तो चौकशी एकसारखी नसते याचा. एका बंदरात नाव-गाव विचारून चहा पाजतात; पुढच्या बंदरात तीच कागदपत्रे तीन वेगवेगळ्या कार्यालयांत, तीन वेगवेगळ्या नमुन्यांत, छायांकित प्रतींसह मागतात. दोन वर्षांपूर्वी एका बंदरात आम्ही सकाळी दहाला कागद घेऊन गेलो. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवले, दुसऱ्या खिडकीचे साहेब दौऱ्यावर होते आणि तिसरीने सांगितले की शिडाच्या खाजगी बोटीसाठी नमुनाच नाही, तेव्हा मासेमारी बोटीचा भरा. त्यातील “जाळ्यांची संख्या” या रकान्यात मी शून्य लिहिले, तर ते मान्य होईना. एवढे होईपर्यंत ओहोटी लागली, खाडीच्या मुखावरचे पाणी गेले आणि आम्ही ती रात्र धक्क्याशेजारच्या चिखलात तिरक्या बोटीत झोपून काढली. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण तिथला कर्मचारी बिचारा प्रामाणिकपणे आपल्याजवळचा नमुना शोधत होता.

हे सोडवणे अवघड नाही. पहिल्या बंदरात बोटीची, माणसांची आणि जाण्याच्या मार्गाची एकदाच नोंद व्हावी. तिचा क्रमांक सागरी मंडळ, पोलिस, सीमाशुल्क आणि तटरक्षक दल या सर्वांना दिसावा, आणि पुढच्या बंदरात फक्त आल्याची व निघाल्याची वेळ लिहिली जावी. सुरक्षेच्या दृष्टीनेही हेच बरे, कारण आज तीन कार्यालयांत तीन कागद पडून असतात आणि बोट नेमकी कुठे आहे हे त्यांतल्या एकालाही सांगता येत नाही. १९०८ चा बंदर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा कायदा आला आहे; राज्याचे नियम नव्याने लिहिले जातील, तेव्हा लहान खाजगी बोटीसाठी दोन ओळी त्यांत याव्यात.

याच कामात तांडेलांच्या डोक्यातली माहिती कागदावर आणणेही बसवता येईल. आमच्या तांडेलांना जयगडपासून बाणकोटपर्यंतचा तळ पाठ आहे. कुठे चिखल, कुठे वाळू, कुठले खडप कोणत्या देवळाच्या कळसावर नारळाचे झाड आले की टाळायचे. हे सर्व वाव (दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी) आणि हाताच्या मापात आहे, आणि त्यांच्या मुलाला त्यात रस नाही, तो पुण्यात नोकरीला आहे. नौदलाचे डेहराडूनचे जलसर्वेक्षण कार्यालय उत्तम नकाशे काढते, पण ते मोठ्या जहाजांच्या वाटा डोळ्यांपुढे ठेवून. लहान खाडीत दोन मीटर पाण्याचा चर यंदा कुठून गेला आहे, हे तांडेललाच ठाऊक असते, कारण तो दर पावसाळ्यानंतर बदलतो. प्रत्येक खाडीच्या मुखावर पावसाळा संपताच दोन्ही बाजूंना बांबूच्या का होईना खुणा लावण्याचे काम तिथल्या मच्छीमार सोसायटीकडे मोबदला देऊन सोपवले, तर त्याचा उपयोग आमच्यापेक्षा त्यांच्याच बोटींना अधिक होईल.

मुरिंगचे बोये टाकायचे असतील तर त्यांचाही काळ ठरलेला आहे. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत व्हायला लागतो, पण पाणी गढूळ असते आणि तळ दिसत नाही. पाणबुड्यांना खडक आणि वाळू यांतला फरक नीट कळेल असे पाणी मालवणला साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मिळते, आणि दिवाळीत तर पर्यटकांच्या होड्या सुटतात. मधले दोन-तीन आठवडेच हातात असतात. ठोकळे, साखळ्या आणि निविदा त्याआधी तयार हव्यात, म्हणजे हे काम पावसाळ्यातच कागदावर सुरू व्हायला हवे. सागरी मंडळाने आणि वन विभागाने निदान सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती यंदा दहा-बारा बोये टाकून पाहावेत आणि ते कुठे टाकायचे हे तिथल्या होडीवाल्यांना विचारून ठरवावे, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करतो.

आपला विश्वासू,
एक वाचक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी